नागपूरचा उन्हाळा आणि घराची सजावट : खिडकीच्या आत काय, बाहेर काय?

पश्चिमेची_खिडकी (२६ मार्च)

सर्वांना नमस्कार.

मानेवाडा भागातील एका चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे सहा फुटी खिडकी आहे. घर पाहायला आलो तेव्हा डिसेंबर होता, संध्याकाळचे कोवळे ऊन थेट आतल्या दारापर्यंत पसरले होते आणि त्या उन्हावर भुलूनच आम्ही सौदा पक्का केला. मे महिन्यात हेच ऊन काय करते, हे विचारायचे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही.

गेल्या वर्षी मी 'उन्हाळ्यासाठी घर सजवा' अशा मथळ्यांची बरीच छायाचित्रे पाहिली आणि त्यांतील जवळजवळ सर्व गोष्टी केल्या. पांढरे झिरझिरीत लिननचे पडदे, तागाचा गोल गालिचा, वेताची खुर्ची, कोपऱ्यात अरेका पाम आणि एका भिंतीला फिकट राखाडी-हिरवा रंग. एप्रिलपर्यंत पाहुणे कौतुक करत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गालिच्याच्या कूलरकडील कडेवर काळे ठिपके उमटले आणि खोलीत कुबट वास येऊ लागला. पामची पाने टोकांकडून तपकिरी होत कागदासारखी वाजू लागली. पडद्यांनी तर काहीच अडवले नाही, फक्त ऊन गाळून अधिक सुंदर करून आत सोडले. शेवटी सासूबाईंनी त्या पडद्याच्या दांडीवरच एक जुनी वाकळ टाकली आणि त्या दिवसापासून घरात दुपारी डोळा लागू लागला.

यंदा पुन्हा चुका करायच्या नाहीत. नागपुरात, आपल्या उन्हात आणि आपल्या कूलरसमोर टिकेल, आणि तरीही घर वाकळ टांगल्यासारखे दिसणार नाही, असे काय करता येईल? खर्च बेताचा आहे. एसी फक्त झोपण्याच्या खोलीत आहे.

---

गच्चीवरचा_चुना (२६ मार्च)

ताई, आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहता हे वाचल्यावर पडद्यांपर्यंत जाण्याआधी गच्चीवर जावे, असे मी सुचवेन. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा वाजता पंखा लावला की वरून जणू तव्याची वाफ खाली येते, हा अनुभव आपल्याला असेलच. दिवसाची उष्णता स्लॅब साठवतो आणि संध्याकाळनंतर सावकाश खोलीत सोडतो. त्यामुळे छत गरम असताना भिंतीला कोणता रंग दिला, याने झोपेत काहीही फरक पडत नाही.

आम्ही गेली सहा वर्षे मार्चअखेरीस गच्चीला चुना देतो. विझवलेला चुना रात्रभर भिजवून, जाड कापडातून गाळून, त्यात फेविकॉलसारखा पांढरा गोंद मिसळायचा आणि रुंद कुंच्याने दोन ते तीन हात द्यायचे. काम ऊन उतरल्यावरच करावे. तापलेल्या स्लॅबवर चुना लावताक्षणीच वाळतो आणि दोन दिवसांत पापुद्रे निघतात. हातमोजे आणि चष्मा विसरू नये, चुना डोळ्यांत गेला तर खेळ नाही. पावसाळ्यात तो धुऊन जातो म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. तयार पांढरे रंग अधिक टिकतात, मात्र धुळीने ते मळले की त्यांचाही परिणाम कमी होतो, त्यामुळे झाडू आणि पाणी त्यांनाही चुकत नाही. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका शेजाऱ्यांनी पांढऱ्या गच्चीमुळे डोळे दिपतात अशी तक्रार केली होती, दुसऱ्या वर्षी त्यांनीच वर्गणी दिली.

---

आराखडेवाला (२७ मार्च)

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. कंटाळा आला तर सांभाळून घ्यावे.

आपण पाहिलेली बहुतेक छायाचित्रे अशा प्रदेशांतील असतात, जिथे उन्हाळा म्हणजे वर्षभर वाट पाहून मिळालेले ऊन. तिथे झिरझिरीत पडदे, मोठ्या काचा, उजेडाने न्हालेली खोली हेच सुख आहे. किनाऱ्यावरच्या गावांसाठी काढलेल्या छायाचित्रांत वारा आत घेण्यावर भर असतो. नागपुरात सकाळी अकरानंतर ऊन आणि वारा दोन्ही बाहेर ठेवायचे असतात. म्हणजे ज्या दोन गोष्टी घरात आणण्यासाठी ती सारी सजावट जन्मली, त्याच आपल्याला नको आहेत. मग ती सजावट इथे कोलमडली तर त्यात आपला दोष नाही.

आता आपल्या खिडकीकडे येऊ. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतप्यात (उन्हाळ्यातील सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत), दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. याचा अर्थ असा की मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीला आपण समजतो तितके ऊन लागतच नाही. मार बसतो तो गच्चीला, सकाळी पूर्वेला आणि सर्वांत वाईट म्हणजे दुपारनंतर पश्चिमेला. त्या दिवसांत सूर्य नेमका पश्चिमेलाही मावळत नाही. तो उत्तरेकडे सुमारे २२ अंश सरकून मावळतो, म्हणून ज्यांची खिडकी वायव्येला आहे तेही सुटत नाहीत.

छज्जा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. संध्याकाळी पाच वाजता त्या दिवसांत सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३-२४ अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली तेव्हा खिडकीवर फार तर दहा इंच उतरते आणि बाकीची खिडकी उघडी पडते. म्हणून पश्चिमेला आडव्या छज्ज्यापेक्षा उभा आडोसा लागतो, आणि तो काचेच्या बाहेर लागतो. ऊन एकदा काचेतून आत आले की ते पडद्याला तापवते आणि ती उष्णता खोलीतच राहते. पडदा कितीही जाड असला तरी तो शत्रूला दिवाणखान्यात घेऊन मग अडवतो. सासूबाईंच्या वाकळेने झोप लागली ती काळोखामुळे आणि काही अंशी कापसाच्या थरामुळे. तीच वाकळ काचेबाहेर असती तर सासूबाईंना एप्रिलमध्येच झोप लागली असती.

बाहेर काय लावावे? आपल्याकडे चौकांतील सिग्नलवर उन्हाळ्यात हिरव्या जाळ्या ताणतात, ती ग्रीन नेट सर्वांत स्वस्त. ती दिसायला मात्र बांधकाम अर्धवट राहिल्यासारखी दिसते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. त्यापेक्षा बांबूच्या काड्यांचा, गुंडाळता येणारा चिकाचा पडदा चांगला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचा आपल्याला शेजार आहे, मेळघाटात लवाद्याला आणि चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाची केंद्रे आहेत आणि शहरातही बुरूड कारागीर मापाने पडदा करून देतात. जाळी असो वा चिक, काचेला चिकटवून लावू नये. मध्ये किमान एक वीतभर जागा सोडावी, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते.

---

वाळ्याची_ताटी (२७ मार्च)

वरील सर्व मान्य, पण एवढ्या चर्चेत कूलर अजून आलाच नाही, याचे मला आश्चर्य वाटते. नागपूरच्या घरात मार्च ते जूनपर्यंत सर्वांत मोठे फर्निचर कूलरच असते आणि कोणत्याही छायाचित्रात तो दिसत नाही. मी चाळीस वर्षे या शहरात संसार करते आहे आणि माझे ठाम मत आहे की इथे सोफा कुठे ठेवायचा हे भिंत ठरवत नाही, कूलर ठरवतो.

कूलरचे गणित साधे आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते, आणि आपल्याकडची मे महिन्यातील दुपारची हवा इतकी कोरडी असते की ती पाणी अधाशासारखी पिते. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. पण ही हवा ओलसर असते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी. पुष्कळ जण कूलर लावून सारी दारे-खिडक्या घट्ट बंद करतात आणि मग चिकचिक होते म्हणून कूलरला नावे ठेवतात. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. जिथून हवा बाहेर जाते त्या वाटेवर आपण बसावे, ही सजावटीतील पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अशी की त्या झोतात काय ठेवायचे नाही, हे ठरवावे. ताग पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आपला गालिचा जाणारच होता. भुसा दाबून केलेल्या पाट्यांची कपाटे खालून फुगतात. भिंतीवर चिकटवलेला कागद कोपऱ्यातून सुटतो. पुस्तकांची मांडणी तिथे असेल तर जूनमध्ये पाने लाटांसारखी होतात, माझ्या दिवाळी अंकांचा एक अख्खा गठ्ठा असा गेला. या जागी सुती सतरंजी, वेत, बांबू, सागवान आणि उघडी फरशी एवढेच टिकते. सतरंजी आठवड्यातून एकदा गच्चीवर अर्धा तास टाकली की पुरे.

कूलरच्या बाजूंना लावायच्या ताट्यांविषयी थोडे. हल्ली पुठ्ठ्याचे, मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे पॅड आले आहेत, ते दोन-तीन उन्हाळे टिकतात आणि सोयीचे आहेत. साध्या गवताच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. मी मात्र तीन बाजूंपैकी एका बाजूला वाळ्याची ताटी लावते. वाळा गवतापेक्षा महाग पडतो आणि गारव्यात फार फरक पडतो असे नाही, पण पहिल्या दिवशी पंप सुरू होऊन पाणी त्या मुळांवरून झिरपू लागते तेव्हा जो वास घरभर पसरतो, तो विकत घेतलेल्या कोणत्याही सुगंधी मेणबत्तीत नाही. पहिले पाणी चहासारखे तांबूस येते, ते टाकून द्यावे, नाहीतर भिंतीवर डाग पडतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

---

महालातला_चौक (२८ मार्च)

आमचे बालपण नागपूरच्या जुन्या महाल भागातील वाड्यात गेले. जाड भिंती, मधला चौक, खाली शहाबादी फरशी, वर माळा आणि त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौले. दुपारी आजी फरशीवर पाणी शिंपडून त्यावरच पडत असे. तेव्हा ना पडदे होते ना ट्रेंड होते. जुने ते विसरलो म्हणून ही वेळ आली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

---

आराखडेवाला (२८ मार्च)

आपल्या आठवणीचा आदर आहे, पण तो वाडा चौथ्या मजल्यावर उचलून नेता येत नाही. दीड-दोन फुटी भिंत दिवसाचा ताप आत पोचायलाच रात्र लावत असे आणि रात्री चौकातून तो निघून जात असे. आजच्या सहा इंची भिंतीत ते घडत नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत जाऊन यावे, मातीच्या भिंती, कवेलू आणि भोवतीची पडवी यांचा गारवा तिथे दुपारी अंगावर येतो. त्यातून उचलण्यासारखी गोष्ट पडवी ही आहे, म्हणजे भिंतीवर ऊन पडूच न देणे. सदनिकेत पडवी म्हणजे गॅलरी. गॅलरी काचा लावून बंद करणे आणि खोलीत घेणे हा जो प्रकार नागपुरात चालतो, तो मला वैयक्तिकरीत्या फार खटकतो, कारण त्यामुळे आपण आपल्याच पडवीची भट्टी करून घेतो.

---

गांधीबाग_गोळणीवाली (२९ मार्च)

मला रंगाविषयी लिहायचे आहे, कारण त्या राखाडी-हिरव्या भिंतीचा उल्लेख वाचून मला माझीच भिंत आठवली.

आपली घरे मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी सहापर्यंत बंद असतात. म्हणजे दिवसातील सात तास आपण आपली खोली अर्ध्या काळोखात किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात पाहतो. फिकट राखाडी, फिकट निळा, राखेसारखा हिरवा हे रंग भरपूर उजेडात प्रसन्न दिसतात आणि बंद खोलीत आजारी दिसतात. माझ्या भिंतीकडे पाहून आमचे वडील म्हणाले होते की दवाखान्यात बसल्यासारखे वाटते. 'थंड रंग' वापरले की खोली थंड वाटते, हे विधान उजेड गृहीत धरून केलेले आहे. मी ती भिंत पुन्हा रंगवली, किंचित पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्या रंगात, आणि कापडांत हळदी, गेरू आणि गडद नीळ आणली. आता खिडक्या बंद असतानाही पितळी तांब्यावर दिव्याचा उजेड पडला की खोली जिवंत दिसते.

उजेडाचेही असेच आहे. छतावरचे सर्व दिवे लावण्याऐवजी पिवळसर उजेडाचा एकच दिवा जमिनीलगत ठेवावा. काळोख लपवण्याचा प्रयत्न केला की खोली उदास होते, काळोख मान्य केला की तीच खोली विसाव्याची वाटते.

कापड गांधीबागेच्या कापडबाजारात घ्यावे, पण घाई करू नये. पडद्यासाठी मी दुहेरी कापड वापरते, आत रंगीत सुती आणि काचेकडे मांजरपाटाचे पांढरे अस्तर. बाहेर चिक असला तरी हा आतला थर उपयोगी पडतो आणि अस्तर ऊन खाऊन विरले तर तेवढेच बदलता येते. उशांचे अभ्रे खादीचे घ्यावेत. मखमल आणि पॉलिस्टरच्या चमकदार गाद्या मार्चमध्येच ट्रंकेत जाव्यात, त्यांच्यावर घामेजली पाठ टेकवून कोणी आनंदी झाल्याचे मी पाहिलेले नाही.

---

कुंडीतली_माती (२९ मार्च)

झाडांविषयी थोडक्यात. अरेका पामला दमट हवा लागते, तिला उन्हाळाभर स्वयंपाकघराजवळ किंवा न्हाणीघराच्या खिडकीत ठेवावे. बैठकीत स्नेक प्लांट, झामिया (झेडझेड प्लांट) आणि पाण्यातला मनीप्लांट पुरेत. बोअरचे पाणी पानांवर फवारू नये, क्षारांचे पांढरे डाग पडतात. 'चार कुंड्या ठेवल्या की खोली पाच अंशांनी थंड होते' असे संदेश फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नये. झाडे डोळ्यांना गारवा देतात आणि तेवढ्यासाठी ठेवली तर निराशा होत नाही. खिडकीबाहेर वेल चढवता आला तर गोष्ट वेगळी, तो खराखुरा आडोसा आहे, पण मार्चमध्ये लावलेला वेल त्याच मेमध्ये सावली देत नाही.

---

मनीषनगर_भाडेकरू (३० मार्च)

आम्ही भाड्याने राहतो. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. बाहेर चिक कसा टांगावा?

---

आराखडेवाला (३० मार्च)

खिडकीच्या लोखंडी जाळीला वरून इंग्रजी एस आकाराचे आकडे अडकवावेत आणि त्यांवर चिकाची वरची काठी ठेवावी. खालची काठी दोन्ही बाजूंनी जाळीलाच बांधावी. एकही खिळा लागत नाही. फक्त बांधायला प्लास्टिकची सुतळी घेऊ नये, ती उन्हाने महिन्याभरात भुगा होते. सुती दोरी वापरावी.

---

पश्चिमेची_खिडकी (८ जून)

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांनी इतके मनापासून सांगितले होते, तेव्हा काय केले आणि काय जमले नाही, ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

गच्चीला चुना दिला. सोसायटीत होकार मिळवायलाच तीन आठवडे गेले, त्यामुळे काम एप्रिलच्या मध्यावर झाले. दोन पोरांना घेऊन आम्ही संध्याकाळी सहा ते नऊ असे दोन दिवस कुंचे चालवले. रात्रीचा फरक पहिल्याच आठवड्यात कळला, छताकडे हात वर केला की पूर्वी जी धग लागत असे ती कमी झाली आहे. पूर्ण गेलेली नाही, हेही खरे.

खिडकीबाहेर चिकाचा पडदा लावला, वीतभर अंतर सोडून. कारागिरांनी खिडकीचे माप घेतल्यावर स्वतःहूनच दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त धरले, कारण कडेच्या फटीतून येणारे ऊन सर्वांत जास्त चावते, असे त्यांचे म्हणणे होते. मला तेव्हा तो खर्च वाढवण्याचा बहाणा वाटला होता. आता दुपारी चार वाजता ते सहा इंच पाहते आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागते. पूर्वी चारनंतर खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला हात लावता येत नसे, आता लावता येतो. चिकाच्या काड्यांतून येणाऱ्या उजेडाच्या बारीक रेषा फरशीवर सरकत जातात आणि सासूबाई त्यांवरून वेळ सांगतात. छायाचित्रासाठी यापेक्षा चांगले काही मी मुद्दाम करू शकले नसते.

सोफा हलवला आणि कूलरसमोरची जागा मोकळी सोडली. तिथे फक्त सतरंजी, दोन लोड आणि माठ आहे. गालिचा दिवाणाखाली गुंडाळून ठेवला आहे, तो थंडीत बाहेर येईल. लिननचे पडदे काढून झोपण्याच्या खोलीच्या उत्तरेकडील खिडकीला लावले, तिथे ते खरोखर शोभतात. भिंत अजून राखाडी-हिरवीच आहे. गांधीबागवाल्या ताईंचे म्हणणे शंभर टक्के पटले, पण रंगाचे पैसे चिकात गेले. त्याऐवजी जमिनीलगत पिवळा दिवा ठेवला आणि गेरूच्या रंगाचे अभ्रे शिवले, त्याने भिंत निदान दवाखान्यातून घरी आल्यासारखी वाटते.

एक फजितीही सांगते. मेच्या शेवटी संध्याकाळी जे वादळ आले त्यात चिकाची खालची दोरी तुटली आणि पडदा अर्धा तास खिडकीवर आपटत राहिला. तीन काड्या मोडल्या. वादळाची चिन्हे दिसताच तो गुंडाळायचा असतो, हे कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल आणि मी वाचले नसेल.

आता मृग लागला आहे, हवा दमट झाली आहे आणि कूलरने काम सोडले आहे. वाळ्याची ताटी एकच घेतली होती, तिला अजून वास आहे. ती पुढच्या वर्षी वापरता येईल का, की टाकून द्यावी?

---

वाळ्याची_ताटी (८ जून)

मुळीच टाकू नये. स्वच्छ पाण्याने क्षार धुऊन, पाऊस स्थिरावण्याआधी दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर बुरशी धरते. पुढच्या वर्षी वास थोडा मंद येतो, पण येतो. आणि धुताना निघालेली सुटी मुळे फेकून न देता माठातील पाण्यात टाकण्याचा मोह होईल, तो टाळावा. कूलरमधला वाळा कूलरचाच, माठासाठी नवा आणावा.